सोमसूत्राची अट

"सादर केलेला प्रबंध मूलतः सदोष आहे. कोणत्याही मर्यादित प्रदेशात, काठाला लागून वाहणाऱ्या प्रवाहाचा एकूण जोर त्याच्या अपसरणाच्या व कुंतलाच्या एकत्रित मापाने नियंत्रित होतो, हे सर्वमान्य आहे. उमेदवाराने या सिद्धान्तास जोडलेली अधिकची अट अनावश्यक असून तिचा उगम, उमेदवाराच्याच कबुलीनुसार, एका देवालयातील रूढीत आहे. अशा लेखनास पदवी देणे विद्यापीठाच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही."

हा परीक्षकाचा अहवाल. मूळ इंग्रजीत, साल १९६१, खाली सही डॉ. आण्णासाहेब सोनगिरकर यांची. सही सुंदर आहे. अहवालातल्या विधानांपैकी एकच खरे आहे, आणि नेमके तेच शिवी म्हणून वापरले आहे.

बाकीच्यांकडे क्रमाने पाहू. वाहत्या पाण्यात एखाद्या जागी झरा असेल तर तिथून पाणी चहूकडे पसरते. तळाला भगदाड असेल तर तिथे ते नाहीसे होते. हे उगवणे आणि नाहीसे होणे ज्या मापाने सांगतात ते अपसरण. कुंतल हे गरगरण्याचे माप. दोन काड्यांची फुली करून पाण्यात सोडावी. वाहताना ती स्वतःभोवती फिरली तर तिथे कुंतल आहे, न फिरली तर नाही. या दोन्ही मापांचे वर्ग करायचे आणि सगळ्या प्रदेशावर त्यांचे संकलन करायचे. सिद्धान्त असा की प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाचे संकलन या दोन संकलनांच्या बेरजेच्या एका ठरावीक पटीहून कधीही मोठे होत नाही. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर, जिथे काही उगवत नाही, काही बुडत नाही, काही गरगरत नाही आणि काठ ओलांडून काही आतबाहेर जात नाही, तिथले पाणी स्थिरच असणार.

परातीत हे खरे आहे. परातीच्या मधोमध पाण्याने भरलेला जड तांब्या ठेवला की ते खोटे ठरते. तांब्याभोवती पाणी असे फिरवता येते की जवळ वेग जास्त, दूर कमी. अंतर दुप्पट तर वेग निम्मा. या प्रवाहात झरा नाही, भगदाड नाही. काड्यांची फुली सोडली तर ती तांब्याला पूर्ण प्रदक्षिणा घालते, पण तिचे पूर्वेकडचे टोक सबंध वाटभर पूर्वेकडेच राहते. म्हणजे सिद्धान्तातली ती बेरीज, असमानतेची उजवी बाजू, शून्य. डावी, वेगाची बाजू शून्य नाही, कारण पाणी डोळ्यांदेखत वाहते आहे. शून्याची कोणतीही पट घ्या, ती शून्यच भरते. ज्या ‘कोणत्याही’ या शब्दावर अहवाल उभा आहे, त्याच शब्दात तो बुडतो.

आता ती अनावश्यक अट. तांब्यापासून परातीच्या काठापर्यंत एक रेघ कल्पावी आणि म्हणावे: या रेघेवरून एका दिशेने जितके पाणी जाईल तितकेच उलट दिशेने यावे, निव्वळ ओलांडणे शून्य. एवढे म्हटले की गोल फिरणारा तो प्रवाह बाद होतो आणि सिद्धान्त पुन्हा खरा होतो. अट काढली की खोटा, ठेवली की खरा. अशा अटीला अनावश्यक म्हणतात हे कोणत्या कोशात दिले आहे, ते पुष्कळ शोधूनही सापडले नाही.

अट घालणाऱ्याचे नाव कल्याणप्पा. गाव नळदुर्ग, घर लिंगायत. आई गंगम्मा त्याच्याशी कानडीत बोले, शाळेने त्याला उर्दूत शिकवले, आणि राज्ये बदलली तशी नोकरी मराठीत लागली. तिन्ही भाषांत तो बरा बोलत असे. हैदराबादेत त्याला एक काझीसाहेब भेटले होते. ते या विषयाचे वेडे होते. अपसरणाला ‘फैलाव’ आणि कुंतलाला ‘पेच’ म्हणत, आणि एखादी सिद्धता जमली की फळ्यासमोरून दोन पावले मागे सरून तिला सलाम करत. त्यांनी कल्याणप्पाला गणिताबरोबर एक सवय लावली. "जो चीज जहाँ से ली, वहाँ का नाम लेना," ते म्हणत, "चाहे वो जगह कितनी ही मामूली हो." विलीनीकरणाच्या धामधुमीत काझीसाहेब कुटुंबासह कराचीला गेले. त्यानंतर त्यांच्याकडून काही कळले नाही. कोणी विचारण्यासारखेही दिवस नव्हते.

कल्याणप्पा भूम तालुक्यातल्या ईटच्या शाळेत गणित शिकवू लागला. ईट मोठे गाव आहे आणि तिथल्या लोकांनी त्याचे कधी वाईट केले नाही. हुरड्याला त्याला शेतावर नेत. लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानावर आग्रहाने वाढत. ज्वारीच्या भावावर, पाहुण्यांवर, एस.टी.च्या वेळेवर बोलायला माणसे भरपूर होती. जे बोलायचे होते ते बोलायला एकही नव्हते. म्हणून शाळा सुटली की तो नववीच्या वर्गात थांबे आणि रिकाम्या बाकांना शिकवी. प्रश्न स्वतःच विचारी, अडखळेही स्वतःच. गडी कुलूप घेऊन दारात उभा राहिला की खडू खाली ठेवी.

एके दिवशी हेडमास्तर बलभीमरावांनी त्याला हटकले. "कल्याणप्पा, जाताना फळा पुसत जावा हो. सकाळी पोरं वर्गात शिरंना झाली."

"का हो?"

"म्हणत्यात, मास्तरांनी करणी काढून ठेवलीया."

"करणी न्हाय, प्रबंध आहे तो."

"ते त्यास्नी काय कळतंय? मलाबी करणीच वाटली आधी."

दोघेही हसले. त्या दिवसापासून कल्याणप्पा फळा पुसू लागला, आणि त्याच्या विचाराची म्हणून गावात जी एक खूण सकाळपर्यंत टिकत असे तीही टिकेनाशी झाली.

प्रबंधाला पदवी मिळाली असती तर काय झाले असते, हे सांगितले पाहिजे. उस्मानाबादला नवे कॉलेज निघत होते आणि गणिताच्या जागेवर पदवीच्या बोलीवर त्याचे नाव धरून ठेवले होते. तिथे गणिताचे आणखी दोघे येणार होते. पगार वाढणार होता हे गंगम्माच्या लक्षात होते. कल्याणप्पाच्या लक्षात ते दोघे होते. त्यांची नावेही त्याला माहीत नव्हती, पण मनातल्या मनात त्याने त्यांच्याशी वाद घालायला सुरुवात केली होती.

त्याने एकच चूक केली. प्रस्तावना लिहायला बसला तेव्हा आभार मानायचे होते. मार्गदर्शक देशाबाहेर गेलेला, सहाध्यायी पांगलेले, वाचून दुरुस्त्या सुचवणारा कोणी नाही. मानायला माणूस उरला नव्हता, म्हणून त्याने देवळाचे मानले. येडशीजवळ दरीत रामलिंगाचे देऊळ आहे. शिवाच्या कोणत्याही देवळात असते तशी तिथेही अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी पन्हळ गाभाऱ्याच्या उत्तरेला आहे. तिला सोमसूत्र म्हणतात. ते ओलांडायचे नसते. भाविक डावीकडून निघून पन्हळीपर्यंत जातो, तिथून मागे फिरतो, उलट वाटेने दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत येतो आणि पुन्हा माघारी वळतो. गाभाऱ्याभोवती दिवसभर माणसे चालत असतात, पण फेरी कोणाचीच पूर्ण होत नाही. लहानपणी आईचे बोट धरून हे केलेल्या माणसाला पुढे एका दुपारी कळले की मधली जागा वगळलेल्या, म्हणजे छिद्र असलेल्या, प्रदेशाला हीच रेघ लागते. तेवढे त्याने प्रस्तावनेत प्रामाणिकपणे नोंदवले. तुळजापूरला भवानीच्या देवळात लोक पूर्ण प्रदक्षिणा घालतात, तिथे हा सिद्धान्त अटीवाचून टिकणार नाही, असेही विनोदाने जोडले. आपला विनोद कोणी वाचील या कल्पनेने त्याला त्या दिवशी फार बरे वाटले होते.

अहवाल आला तेव्हा त्याला राग आला नाही. ते काम त्याने इतरांसाठी शिल्लक ठेवले. त्याच्या मनात एकच प्रश्न घर करून राहिला: सोनगिरकरांनी प्रबंध वाचला, की प्रस्तावना वाचून मिटला? मिटला असेल तर अन्याय झाला, पण आशा उरली. वाचक अजून व्हायचा होता. वाचून हे लिहिले असेल तर जगातला एकमेव वाचक होऊन गेला होता. या विषयावर मराठी मुलखात सोनगिरकरांचेच पुस्तक चाले. कल्याणप्पानेही ते विकत घेतले होते आणि त्यातल्या ‘कोणत्याही मर्यादित प्रदेशात’ या शब्दांखाली शिसपेन्सिलीने हलकी रेघ ओढली होती. त्या रेघेत अनादर नव्हता.

मार्गशीर्षात कॉलेजच्या पाहणीसाठी विद्यापीठाची समिती यायची ठरली. बलभीमरावांचे मेव्हणे कॉलेजच्या मंडळावर होते. त्यांच्याकडून निरोप आला की समितीतले एक गृहस्थ सपत्नीक येडशीला उतरतील, बाईंना रामलिंगाचे दर्शन घ्यायचे आहे, कोणी शिकलेला माणूस सोबत द्यावा. बलभीमरावांनी कल्याणप्पाला आधी त्या गृहस्थांचे नाव सांगितले. मग म्हणाले, "जाता का? न्हाय म्हणला तरी चालंल." कल्याणप्पा हो म्हणाला. भूमपर्यंत एस.टी., पुढे बार्शी, तिथून छोटी आगगाडी, असा तो आदल्या दिवशीच येडशीला पोहोचून धर्मशाळेत राहिला.

डॉ. आण्णासाहेब सोनगिरकर डब्यातून उतरले ते सौजन्यानेच. कल्याणप्पाने नमस्कार करून सांगितले, "ईटच्या शाळेतनं आलोय, आपल्या सोबतीला." आण्णासाहेबांनी मान हलवली आणि बॅग त्याच्या हाती दिली. नाव विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाईंना वाटली असती, पण त्या ट्रंक मोजून घेण्यात गुंतल्या होत्या.

टांगा कोंडीरामचा होता. वाटेत बाईंनी विचारले, "माकडं फार आहेत म्हणे तिथं?"

"लई हायेत, बाईसायेब. सायबांचा चष्मा तेवढा सांभाळा. मागल्या साली मामलेदाराचा पळिवला आन् घालून बसलं की झाडावर. समदे म्हनले, मामलेदारापरीस ह्यालाच शोभतोय."

"ऐकलंत?" बाई नवऱ्याकडे वळल्या. "इथं नुसता चष्माच देतात. तुमच्याकडे खुर्चीसुद्धा मिळाली असती त्याला."

"तुमचं चालू दे," आण्णासाहेब म्हणाले. चष्मा मात्र त्यांनी काढून खिशात ठेवला. कोंडीरामने घोड्याला उगीचच चुचकारले.

दरीच्या तोंडाशी टांगा थांबला. पायऱ्या उतरताना खालून ओढ्याचा आवाज येत होता. देवळात गर्दी नव्हती. एक म्हातारी वाती वळत बसली होती, तेवढीच. दर्शन झाले. आण्णासाहेब उपरणे सावरून प्रदक्षिणेला निघाले, मागोमाग बाई. कल्याणप्पाने बाहेरूनच हात जोडले आणि देवळाच्या पूर्व अंगाने जाऊन पन्हळीच्या अलीकडे उभा राहिला. दक्षिण, मग पश्चिम अशी वाट चालून आण्णासाहेब पन्हळीच्या पलीकडच्या अंगाला आले. मधे हातभर रुंदीचा दगडी पाट आणि त्यातून झिरपणारे बेलपानांचे पाणी.

"अहो, बघून हं, ओलांडाल," बाई मागून म्हणाल्या.

"लहानपणापासून येतंय ते मला." आण्णासाहेब थांबले आणि वळू लागले.

"सर, एक विचारू?" कल्याणप्पा म्हणाला.

"विचारा की."

"परत का फिरलात?"

आण्णासाहेबांनी त्याच्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिले. "तुम्ही हे विचारावं? सोमसूत्र आहे. ओलांडत नाहीत."

"ओलांडलं तर?"

"तर काय, फेरी पूर्ण होईल."

"आणि सगळ्यांनीच ओलांडलं तर?"

"तर सगळेच गोल फिरत राहतील." ते हसले. "यात्रेत मुलं करतात तसं."

"म्हणजे नवा कुणी येणार नाही, असलेला कुणी जाणार नाही, कुणी स्वतःभोवती गरगरणार नाही," कल्याणप्पा सावकाश म्हणाला, "आणि तरी चालणं थांबणार नाही."

हसू आण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर राहिले, पण त्यामागे कोणी नव्हते. "तुम्ही कल्याणप्पा," ते म्हणाले.

"व्हय."

"हा कोणी रचलेला प्रकार आहे?"

"सोबतीला पाठवलं, आलो. दर्शन बाईंनी मागितलं होतं."

"तर मग ऐका, मास्तर. देवळाच्या पन्हळीवर पीएच.डी. मिळत नसते."

"पीएच.डी.चं विचारत नाही, सर. वाचलंत का, एवढंच विचारतोय. प्रस्तावनेच्या पुढं?"

 आण्णासाहेब पाठ फिरवून आल्या वाटेने चालू लागले. शास्त्र तेच सांगत होते, त्यामुळे पळ काढल्यासारखे दिसले नाही. रूढीचा असा उपयोग पुष्कळ विद्वानांना झालेला आहे.

चंद्रप्रभाबाई मात्र पन्हळीच्या त्या अंगालाच थांबल्या. "यांनी नापास केलं का हो तुम्हाला?"

"व्हय, बाई."

"बरोबर होतं का तुमचं?"

"ते सरांनाच ठाऊक. दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही."

"घरात कुणाला वाचून दाखवलं नाहीत?"

"आईला दाखवलं. तिला वाटलं, नवस लिहिलाय."

बाई हसल्या नाहीत. पाण्यात अडकलेले एक बेलपान त्यांनी वाकून मोकळे केले आणि ते वाहून जाईपर्यंत पाहत राहिल्या. गाभाऱ्यामागून आण्णासाहेबांच्या पावलांचा आवाज दूर गेला, पूर्वेला नंदीपाशी थबकला, आणि मग या अंगाने जवळ येऊ लागला. ते समोरच्या पायऱ्या चढून टांग्याकडे जाऊ शकले असते. गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. दुसरे काही नमूद करण्यासारखे नाही. नंदी ओलांडून, उलट वाटेने, ते पन्हळीच्या या अंगाला आले आणि कल्याणप्पासमोर उभे राहिले. आता दोघांच्या मधे काही नव्हते. ते बोलले. पाटाच्या पलीकडून बाईंनी ते ऐकले.

पुढचे थोडक्यात. अहवाल मागे घेतला गेला नाही. परीक्षकाने आपण होऊन कळवल्यावाचून तो बदलण्याची तरतूद नियमात नव्हती, आणि परीक्षकाने कळवले नाही. उस्मानाबादच्या जागेवर नगरकडचा एक तरुण आला. चांगला शिकवतो असे ऐकिवात आहे. आण्णासाहेबांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा तीतून ‘कोणत्याही’ हा शब्द गाळला होता आणि त्या जागी ‘छिद्ररहित’ असा शब्द आला होता. छिद्र कोणी दाखवले याचा उल्लेख नाही. दरीतल्या देवळाचाही नाही.

कल्याणप्पाने तक्रार केली नाही. ईटला परतल्यावर बलभीमरावांनी विचारले, "काय म्हणाले मग?"

"वाचलंय म्हणाले."

"आन् पदवी?"

"वाचलंय म्हणाले ना," कल्याणप्पा पुन्हा म्हणाला, आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गात गेला. शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गात थांबणे त्याने त्या आठवड्यापासून सोडले. गडी कुलूप घेऊन यायचा तेव्हा वर्ग आधीच रिकामा असे.

सोनगिरकर त्या सकाळी काय बोलले याला दोन साक्षी आहेत. एक कल्याणप्पा, ज्याला ते विसरता आले नाही. दुसऱ्या चंद्रप्रभाबाई, ज्यांनी ते विसरायचे नाकारले आणि पुढे ज्याने विचारले त्याला, नवरा समोर बसलेला असतानाही, सांगितले. हे दोघे पुन्हा कधी भेटले नाहीत. जुन्या पोथ्यांच्या दोन प्रती ताडून पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांना कळेल की असे क्वचित घडते: दोन्ही प्रतींत एकाही अक्षराचा पाठभेद नाही. तो पाठ असा:

"तीनदा वाचला मी तुमचा प्रबंध. पहिल्याच वाचनात कळलं की चूक तुमची नाही, माझ्या पुस्तकातली आहे. ते पुस्तक मी इतकी वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलंय. तुम्हाला पास केलं असतं तर त्या सगळ्यांना काय तोंड दाखवलं असतं? म्हणून प्रस्तावनेतलं देऊळ धरलं. गणितात धरायला जागाच ठेवली नव्हतीत तुम्ही."